वाइनला परतावा, मोहाला पंचनामा

आमच्या धुळ्यात आग्रा रोडवर पाच मिनिटं चाललात तरी ‘वाइन्स’ अशी एखादी पाटी दिसेलच. आत जाऊन वाइन मागून बघा. काउंटरवरचा पोरगा आधी तुमच्याकडे बघेल, मग वरच्या फळीकडे, मग स्टूल शोधायला लागेल. पाटीवर नाव वाइनचं, धंदा क्वार्टरचा. रम, व्हिस्की, बिअर यांची खोकी पायाशी, आणि वाइनच्या चार बाटल्या छताजवळ धूळ खात. या दुकानाचा परवाना एफएल-2, पलीकडच्या गल्लीत देशी मिळते तो सीएल-3. गिऱ्हाईक त्यांना ‘वाइन शॉप’ आणि ‘देशीचं दुकान’ म्हणतं. गंमत म्हणजे या दोन्ही दुकानांना परवाना देणाऱ्या कायद्याचं मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकून महसूल गोळा करणारं आपलं राज्य आहे, तेव्हा पाटीवरच्या नावाचं फार मनावर घेऊ नये.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाचा. तो पुण्याला नोकरीला. येताना नाशिकला थांबला, द्राक्षमळा बघितला, चार प्रकारची वाइन चाखली आणि एक बाटली घेऊन आला. आमच्या घरात आखाजीला आमरस आणि पुरणपोळी सोडून दुसरं काही चढत नाही, म्हणून ती बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे गेली. रात्री गच्चीवर भाचा म्हणाला, “मामा, तू जन्मभर लोकांचे टॅक्स भरलेस. मला सांग, या बाटलीला 900 रुपये का? यातले सरकार किती खातं?”

मी विक्रीकर, व्हॅट आणि जीएसटी अशा तीन राजवटींत लोकांच्या वह्या लिहिलेला माणूस. म्हटलं, सकाळी सांगतो. सकाळी कागद-पेन घेऊन बसलो आणि उत्तर जे निघालं ते भाच्याला अपेक्षित नव्हतं, मलाही नव्हतं. वाइनची किंमत करानं वाढलेलीच नाही. उलट करानंच ती धरून ठेवली आहे. आणि आपण ज्याला दारूवरचा कर म्हणतो तो बाटलीत दारू किती आहे यावर सगळ्यांना सारखा लागतच नाही. बाटलीला काय नाव आहे आणि त्या नावामागे कोण उभं आहे, यावर लागतो.

हिशेब मांडतो. कंटाळा आला तर आला.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतल्या 51 व्या नोंदीनं दारूवरचं उत्पादन शुल्क आणि 54 व्या नोंदीनं तिच्या विक्रीवरचा कर राज्यांकडे आहे. राज्यांनी तो हातचा सोडला नाही, आणि सोडतील असंही नाही. पेट्रोल आणि दारू एवढीच तर त्यांच्या हातात उरलेली दुभती जनावरं. म्हणून तीच बाटली महाराष्ट्रात एका किमतीला, मध्य प्रदेशात दुसऱ्या, गोव्यात तिसऱ्या.

आता महाराष्ट्रातलं उत्पादन शुल्क बघा. आपण ज्याला ‘विदेशी’ म्हणतो, म्हणजे इथेच बनलेली व्हिस्की-रम, तिच्यावर शुल्क उत्पादन खर्चाच्या पटीत असतं. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं ही पट तीनवरून साडेचारवर नेली. लिटरला 260 रुपयांपर्यंत उत्पादन खर्च जाहीर केलेल्या मालासाठी. म्हणजे समजा, क्वार्टरभर मालाचा जाहीर खर्च 30 रुपये, तर त्यावर शुल्कच 135. त्यावर पुन्हा व्हॅट, म्हणजे करावर कर. अशा क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये ठरली. देशीवर हिशेब वेगळा, तो प्रूफ लिटरवर, म्हणजे दारूच्या तीव्रतेवर: 180 रुपयांचा दर 205 झाला, आणि 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये. त्याच फेरीत धान्यापासूनच्या दारूसाठी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्गही काढला, किमान 148 रुपयांचा. बिअर आणि वाइन या दरवाढीतून वगळल्या.

वाइनचं काय? 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानं राज्यात बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं, आणि ती माफी वर्षानुवर्षं चालत राहिली. 2022 मध्ये शुल्क लावायचं ठरलं ते लिटरला 10 रुपये. 750 मिलीच्या बाटलीवर साडेसात रुपये. विदेशीची पट लावली असती तर 180 रुपये खर्चाच्या बाटलीवर 810 रुपये शुल्कच झालं असतं, आणि भाच्यानं नाशिकहून फार तर द्राक्षं आणली असती.

मग विक्रीवरचा व्हॅट. वाइनवर 20 टक्के. हे ऐकून माणूस हळहळतो. पण राज्याची वाइन उद्योग प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात या 20 पैकी 16 टक्के उत्पादकाला परत मिळतात. मध्यंतरी ही योजना थबकली होती, जानेवारी 2024 मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा चालू केली. म्हणजे व्हॅटपूर्वीची किंमत 500 धरली, तर गिऱ्हाईक 100 रुपये कर देतं, त्यातले 80 वायनरीला माघारी जातात, तिजोरीत राहतात 20.

बेरीज करा. शुल्काचे साडेसात आणि व्हॅटचे 20, झाले साडेसत्तावीस. आता देशीची क्वार्टर घ्या. तिची तीव्रता पंचवीस अंडरप्रूफ, म्हणजे ‘प्रूफ’ या ठरलेल्या तीव्रतेपेक्षा पंचवीस टक्के कमी; 180 मिलीत 0.135 प्रूफ लिटर. 205 नं गुणलं की 27 रुपये 68 पैसे. हे नुसतं उत्पादन शुल्क, व्हॅट अजून बाजूलाच. आकडे माझे ढोबळ आहेत, 500 हा आकडा मी धरलेला आहे, तो वरखाली करून बघा. चित्र फारसं हलत नाही. मोलमजुरी करणाऱ्यानं 80 रुपयांची देशी घेतली की तिजोरीत जेवढे पडतात, तेवढेच पुण्याच्या पोरानं 900 ची वाइन घेतली की पडतात.

मग उरलेले पैसे जातात कुठे? हा भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. देशीची मळी साखर कारखान्यातून टँकरनं येते. द्राक्षाचं तसं नाही. आपल्याकडे वेल दोनदा छाटला तरी वाइनचं पीक वर्षातून एकदाच, थंडीच्या अखेरीला उतरतं. वर्षभर विकायची वाइन त्या दोन-तीन महिन्यांत बनवून थंड टाक्यांत ठेवावी लागते. वीज लागते, व्याज लागतं. जाड काचेची बाटली, बूच, लेबल, खोकं या सगळ्यांवर जीएसटी भरावा लागतो आणि वाइन जीएसटीबाहेर असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. छुपा कर म्हणायचा तर तो हा, आणि याबद्दल वायनरीवाल्यांची तक्रार खरी आहे. पुढे दुकान. या राज्यात दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने जवळपास अर्धशतक बंद राहिले. जुना परवाना ही वतनदारीच झाली. मोजक्या दुकानदारांच्या हातात मोजक्या फळ्या. वाइन पाच बाटल्या खपतात, व्हिस्की पाच खोकी. फळीचं भाडं मग वाइनच्याच मार्जिनमधून निघणार.

एवढ्यासाठी तर जानेवारी 2022 चा तो निर्णय होता. हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटांत एका बंद कपाटात वाइन ठेवायची मुभा. त्यावर किती धुरळा उडाला! अण्णा हजारेंनी उपोषणाची घोषणा केली, देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते, त्यांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द दिला. दुसऱ्या बाजूनं ‘वाइन म्हणजे दारू नाही’ हेही ऐकायला मिळालं. निर्णय कागदावर राहिला. त्या भांडणात बाटली कुठे ठेवायची यावर सगळे बोलले, बाटलीवर कर किती यावर कुणी बोललं नाही. दोन वर्षांनी सरकार बदललेलं होतं, विरोध करणारे सत्तेत होते, आणि व्हॅटचा परतावा त्यांनीच पुन्हा चालू केला. त्यावर उपोषण नाही, घोषणा नाही. कपाट दिसतं, परतावा दिसत नाही.

परताव्याचं समर्थन एकच: शेतकरी. द्राक्ष उत्पादकाला भाव मिळावा म्हणून वाइनला सवलत. मला हे पटायला आवडेल. माझा आजा शेतकरी होता आणि कापसाच्या भावावर आमच्या घरातली लग्नं ठरत. पण 16 टक्के परत जातात ते वायनरीच्या खात्यात. शेतकऱ्याला द्राक्षाचा भाव किती द्यायचा हे ती वायनरी करारात ठरवते आणि परतावा त्या भावाशी बांधलेला नाही. शिवाय नाशिक-सांगलीकडची बहुतेक द्राक्षं खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला जातात. वाइनची द्राक्षं, शिराझ, शेनिन ब्लांक वगैरे, हा त्यातला अगदी थोडा हिस्सा. गिऱ्हाइकालाही परतावा थेट मिळत नाही, त्याला पूर्ण 20 टक्के लागतात. मधल्या माणसाला उभं करायला सरकारनं दिलेलं हे बीजभांडवल आहे. नव्या धंद्याला पहिली काही वर्षं आधार द्यावा, याला माझी ना नाही. पण 2001 ला जन्मलेलं मूल आता लग्नाला आलं. त्याला अजून अंगावर पाजायचं का?

वायनरीवाले याला उत्तर देतील की परदेशी वाइनशी टक्कर आहे. खरं आहे. आयात वाइनवर सीमाशुल्क 150 टक्के. 500 रुपयांची बाटली बंदरावर उतरतानाच 1250 होते आणि मग राज्याचे कर सुरू. ही भिंत मात्र उतरते आहे. डिसेंबर 2022 अखेरीस लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाशी करारानं 5 डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क 100 टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत 50 वर येणार, 15 डॉलरवरच्या बाटलीचं 75 वरून 25 वर. भिंत जसजशी खाली येईल तसतशी इथली मंडळी मुंबईत जाऊन आणखी सवलत मागतील. तेव्हाही ‘शेतकरी’ हाच शब्द वापरला जाईल.

हे सगळं नाशिकचं झालं. मी खानदेशातला. आमच्याकडे द्राक्षाची वाइन बनत नाही. आमच्याकडे मोह आहे.

फाल्गुन-चैत्रात पहाटे तळोद्याच्या वर, धडगावच्या, अक्कलकुव्याच्या डोंगरात जा. झाडाखाली झाडून लख्ख केलेलं असतं. रात्री फुलं गळतात, उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन हजर. जाड, पिवळट, गोड फुलं. अंगणात वाळवायची, कणगीत ठेवायची. त्यांची भाकरी होते, जनावरांना घालतात, आणि दारू होते. भिल्ल आणि पावरा घरांत ती नुसतं पेय नाही. देवाला धार घालायची ती हिचीच, जन्माला आणि मरणालाही हीच. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणून दारू गाळण्यावर सरकारी मक्ता बसवला तेव्हापासून ही धार गुन्हा झाली. स्वातंत्र्यानंतरच्या 1949 च्या कायद्यानं तर मोहाच्या फुलावरही बंधनं ठेवली. झाड तुझं, फूल तुझं, पण ते किती साठवायचं हे सरकार सांगणार. ही बंधनं उठली 2021 मध्ये. फुलाला सुटका मिळायला बहात्तर वर्षं लागली.

आणि 2022 च्या एप्रिलमध्ये काय झालं? काजूची बोंडं आणि मोहाची फुलं यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला सरकारनं दर्जा दिला तो ‘विदेशी मद्या’चा. दोनदा वाचलं मी. सातपुड्यातल्या झाडाचं, सातपुड्यातल्या माणसानं गाळलेलं, त्याच्या देवाला चालणारं, आणि ते विदेशी! उद्देश वाईट नव्हता. ‘देशी’ या वर्गात अडकलं की भाव मिळत नाही, म्हणून वरच्या वर्गात बसवलं. पण त्या वर्गात शिरायला कारखाना लागतो, परवाना लागतो, बाटलीबंद यंत्र लागतं. धडगावच्या बाईला यातलं काय परवडणार? ती चैत्रात फूल व्यापाऱ्याला किलोच्या भावानं घालते आणि पावसाळ्यात गरज पडली की तेच फूल त्याच्याकडून चढ्या भावानं घेते. तिच्या घरी हंडा सापडला तर पंचनामा. वायनरीला परतावा, तिला पंचनामा. एकाच खात्याचे दोन कागद आहेत हे.

नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशात 2022 पासून मोहाच्या दारूला ‘हेरिटेज लिकर’ असा वेगळा दर्जा आहे. आमच्या नंदुरबारच्या शेजारच्या अलिराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाची ‘मोंड’ नावाची बाटली निघाली. ती किती चालेल ते चालेल. पण नदीच्या एका काठावर त्याच फुलाचा वारसा होतो आणि दुसऱ्या काठावर गुन्हा, तेव्हा गोष्ट फुलाची राहत नाही.

इथे मला स्वतःलाच थांबवावं लागतं. मोहाचं कौतुक करणं शहरातल्या माणसाला फार सोपं असतं. तळोद्याजवळच्या मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी 1930 च्या दशकात आदिवासींमध्ये ‘आप की जय’चा घोष केला, आणि हजारो माणसांनी दारू सोडली. कुणी बाहेरच्यानं सांगून नाही. 1972 नंतर शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांच्या मागे भूमिहीन माणूस जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उठला, आणि त्याच चळवळीतल्या भिल्ल बायांनी गावोगाव दारूच्या गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडली. ती मडकीही मोहाचीच होती. नवरा मजुरीचे पैसे गुत्त्यावर घालतो आणि घरी येऊन हात उचलतो, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचावं लागलं नव्हतं. आजही आमच्याकडे ‘बाटली आडवी’ करायला मतदान लागलं की रांगेत त्याच बाया असतात. म्हणून मोह स्वस्त करा, मोकळा सोडा, असं माझं म्हणणं नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी गावांत ग्रामसभेला पेसा कायद्यानं मादक पदार्थांबाबत अधिकार दिलेला आहे. दारू ठेवायची की नाही, किती, कुणी गाळायची, हे त्या सभेला ठरवू द्या, आणि बायांचं मत तिथे मोजा. माझं म्हणणं कराच्या पट्टीपुरतं आहे. पट्टी एकच असावी.

पट्टी कोणती? बाटलीत शुद्ध मद्यार्क किती मिली, ती. शरीराला दुसरं काही कळत नाही. वाइनची 750 मिलीची बाटली साडेबारा टक्क्यांची धरली तर तिच्यात 94 मिली मद्यार्क. देशीच्या क्वार्टरमध्ये 77. उत्पादन शुल्काचे आकडे यावर पसरले तर देशीला मिलीमागे 36 पैसे, वाइनला 8. साडेचार पट. आणि गिऱ्हाईक देतं ती किंमत बघा: देशीत एक मिली मद्यार्क साधारण एका रुपयाला, वाइनमध्ये साडेनऊला. तेव्हा ‘वाइन स्वस्त केली की लोक कडक दारू सोडून सौम्य पिऊ लागतील’ हा युक्तिवाद निदान धुळे-नंदुरबारमध्ये तरी करू नका. क्वार्टर पिणारा वाइनकडे वळत नाही. देशी महागली की तो हातभट्टीकडे वळतो.

वाइनची बाजू घेणारे युरोपकडे बोट दाखवूनही सांगतात, की तिकडे वाइन पाण्यासारखी मिळते. मिळते, कारण युरोपीय संघात वाइनवरच्या शुल्काची किमान मर्यादाच शून्य आहे आणि द्राक्ष पिकवणाऱ्या देशांनी ती तशी राखली आहे. तिथेही शेतकऱ्याची मतं आहेत. ज्या ब्रिटनमध्ये द्राक्ष नावापुरतं, त्यांनी ऑगस्ट 2023 पासून कर मद्यार्काच्या प्रमाणावर नेला. वाइनला दीड वर्ष सवलतीचा एकच दर ठेवला, फेब्रुवारी 2025 ला तोही काढला. परिणाम मजेशीर झाला: काही उत्पादकांनी वाइनची तीव्रता अर्धा-एक टक्क्यानं उतरवली, कर वाचावा म्हणून. कर बाटलीतल्या खऱ्या गोष्टीवर बसला की बाटलीतली गोष्ट बदलते. आपल्याकडे नावावर बसतो, म्हणून लेबलं बदलतात.

“पण वाइन पिणारा कुठे गटारात पडतो?” हा आक्षेप मी आमच्या क्लबात ऐकला, चांगल्या शिकलेल्या माणसाकडून. तो पडत नाही कारण त्याला गाडीत घालून घरी न्यायला माणूस असतो. ‘वाइन हृदयाला चांगली’ हे पालुपद तर जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये मोडीत काढलं, दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं सांगून. द्राक्षातला मद्यार्क आणि मळीतला मद्यार्क यकृताला एकच.

दर वाढवायलाही एक हद्द आहे, आणि ती आमच्याइतकी कुणाला माहीत नसेल. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधून सीमा जाते. इकडच्या टोकाला बसून खिशात ठेवलेली बाटली दुसऱ्या टोकाला सरकलं की गुन्हा होते, कारण गुजरातेत 1960 पासून दारूबंदी. बंदी असूनही जुलै 2022 मध्ये बोटाद भागात विषारी दारूनं चाळीसहून अधिक माणसं गेली. दारूबंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीत, 2015 ला शंभरहून अधिक गेली होती. बंदी असो की महागाई, गरिबाच्या हातातून कायदेशीर बाटली सुटली की त्याच्या पेल्यात मिथेनॉल येण्याची वाट मोकळी होते. उत्तरेला शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. तिथली बाटली इथल्यापेक्षा स्वस्त झाली की ती घाट उतरून येतेच, कुठल्या नाक्यानं आजवर थांबवली आहे? 2021 मध्ये राज्य सरकारनं आयात स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं होतं, कारण माल बाहेरून चोरून येत होता. म्हणजे श्रीमंताच्या बाटलीची तस्करी वाढली तर दर निम्मा. देशीची तस्करी वाढली तर धाडी दुप्पट.

तेव्हा माझ्यापुरता प्रस्ताव असा. उत्पादन शुल्क मद्यार्काच्या मिलीवर लावा, वाइन, देशी, विदेशी, धान्याची, मोहाची, सगळ्यांना एका दरानं. व्हॅटचा परतावा बंद करा, किंवा ठेवायचाच असेल तर शेतकऱ्याला दिलेल्या भावाच्या पावत्यांवर द्या: जेवढी रक्कम द्राक्षाला दिली त्याच्या प्रमाणात. आणि मग तोच नियम मोहफूल विकत घेणाऱ्या बचत गटाला लावा, रावेर-यावलच्या टाकाऊ केळीची वाइन करू बघणाऱ्या पोरालाही लावा. जळगावच्या केळीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण निर्यातीत न बसलेला घड अजून उकिरड्यावर जातो. द्राक्षाला जे मिळतं ते केळीला आणि मोहाला का नाही, याचं उत्तर मंत्रालयात कुणी देईल तर मी धुळ्याहून एसटीनं ऐकायला येईन.

वायनरीवाले म्हणतील, या दरानं आम्ही मेलो. म्हणून शेवटचा हिशेबही करून ठेवला. देशीचा मिलीमागे 36 पैशांचा दर जसाच्या तसा वाइनच्या 94 मिलीला लावला, तर बाटलीवर शुल्क होतं 33 रुपये 84 पैसे. आज साडेसात आहे. वाढ 26 रुपये आणि वर काही पैसे.

भाचा परत निघाला तेव्हा बाटली फ्रिजमध्येच राहिली होती, ती त्यानं टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातली. मी त्याला कागद दाखवला. त्यानं 26 च्या आकड्यावर बोट ठेवलं.

“मामा, एवढे तर नाशिकला पार्किंगला गेले.”